मार्थाबाईंची चाळिशी

नगरकडच्या एका ख्रिस्ती कॉलेजात इनमिन साठ पोरं होती. तरी त्याचं भवितव्य ठरवायला विश्वस्तांनी पुण्याहून सरपोतदार नावाचे सल्लागार बोलावले. त्यांनी जाडजूड आराखडा आणला: ग्रंथालय पाडून तिथं हेलिपॅड.

"आणि पुस्तकं?" ग्रंथपाल मार्थाबाई भिंगारदिवे यांनी विचारलं.

"बाई, तुम्हाला दूरदृष्टीच नाही," साहेब म्हणाले. "मला पन्नास वर्षांपुढचं लख्ख दिसतं."

बाईंनी आराखडा आधीच वाचला होता. त्यांनी नाकावरचा चष्मा काढून साहेबांपुढे ठेवला. "लांबचं लख्ख आणि हातातलं दिसेना, त्याला आमच्याकडे चाळिशी लागली म्हणतात. ही घाला आणि पान दुसरं मोठ्यानं वाचा."

साहेबांनी ऐटीत वाचलं, "दर हंगामात विद्यार्थ्यांचं गाळप दुप्पट करावं. उरलेली चिपाडं बॉयलरला घालावीत."

आराखडा साखर कारखान्याचा होता. साहेबांनी उसाच्या जागी फक्त विद्यार्थी घातले होते.

प्राचार्य रेव्हरंड आढाव यांना कसलंही वाचन संपलं की आमेन म्हणायची सवय. त्यांनी तोंड उघडलंच होतं.

"आमेन नको, सर," मार्थाबाई म्हणाल्या. "बॉयलर पेटेल एवढी पोरंच नाहीत आपल्याकडे."