सरकारांची गाडी परत जात नाही

नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारा आपल्यासारखा ड्रायव्हर अख्ख्या तालुक्यात नाही, असं हैबती छातीवर हात मारून सांगायचा. मागच्याच महिन्यात एका खडखडाटापायी त्यानं अर्धं इंजिन खोलून अंगणात मांडलं होतं. खडखडत होता सीटखाली गडगडणारा त्याचा स्वतःचाच जेवणाचा डबा.

गाडी निंबेघरच्या उदाजीराव सरकारांची. उंच, दणकट आणि वयानं थकलेली. शोरूमवाले तिला एसयूव्ही म्हणत, सरकार गजलक्ष्मी म्हणत, आणि तिला ढकलणारे गावकरी जे म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. चढावर इंजिन तापायचं. मागचं दार फक्त सरकारांच्या लाथेला उघडायचं. एवढं सगळं हैबती सांभाळून घ्यायचा. पण त्या दिवशी कंपनीचा फोन आला. या जातीच्या जुन्या गाड्यांच्या ब्रेकचा पाइप गंजून फुटतो, गाडी परत आणा, फुकट बदलून देऊ!

सरकारांच्या मिशा ताठ झाल्या. "परत? आमच्या घराण्यानं घेतलेली वस्तू कधी परत केलेली नाही. फुटकी घागरसुद्धा नाही."

"पण सरकार, चार दिवसांनी लग्नाला घाट उतरायचाय."

"उतरू की."

"आणि ब्रेक?"

"ते तू बघ. पाइप कंपनीनंच बसवला पाहिजे, आणि गाडी परत केली असं गावात कुणी म्हणता कामा नये. जमलं तर जरीचा फेटा तुझा. नाही जमलं तरी घाटात पुढं तूच बसणार आहेस."

हैबतीच्या डोळ्यांपुढं घाटाचं शेवटचं वळण आलं, आणि वळणाखालची दरीही आली. त्यानं डोकं चालवायला घेतलं. तेही गाडीसारखंच, थंडीत धक्का दिल्याशिवाय सुरू न होणारं. पण दरीनं चांगलाच धक्का दिला.

सकाळी सरकार बाहेर येऊन बघतात तर गजलक्ष्मी न्हाऊनमाखून उभी. बॉनेटवर हळदकुंकू, काचेपुढं हिरवा खण आणि नारळ. शेजारी हैबती उपरण्यानं डोळे पुसतोय.

"हे काय सोंग रे?"

"सूनबाई माहेरी निघाल्यात, सरकार."

"कोण सूनबाई?"

"ह्या काय! कंपनीत जन्मल्या, वाजतगाजत आपल्या दारात आल्या. काल माहेरचं बोलावणं आलं."

"बोलावणं कसलं? खोट निघाली म्हणून बोलावतायत."

"आईला लेकीचं दुखणं लांबूनही कळतं, सरकार."

"गाव म्हणेल, परत केली."

"पंचमीला सून माहेरी गेली तर गाव म्हणतं का, सासरच्यांनी परत केली? उलट बोलावणं येऊनही धाडली नाही, तर शेण घालतं तोंडात. आणि माहेरनं कधी लेकीला रिकाम्या हातानं धाडलंय? साडीचोळी नाही, तर पाइप तरी घालतीलच की."

सरकारांनी मिशीआड हसू दाबून पाहिलं. "पण या वयात माहेर?"

"माहेराला कसलं आलंय वय?"

मग मात्र सरकार असे हसले, की तोंडातला विडा थेट धोतरावर आला. त्यांनी आतून फेटा मागवला आणि स्वतः हैबतीच्या डोक्यावर ठेवला. "जा, ने सूनबाईला. पण लग्नाआधी सासरी आणून सोड."

दुसऱ्या दिवशी गजलक्ष्मी परतली. दारात पहिलाच ब्रेक असा लागला, की फेटा हैबतीच्या नाकावर उतरला. तो तसाच घरी गेला आणि चुलीपुढं बसलेल्या बायकोला त्यानं सगळी हकिगत दोनदा ऐकवली.

"कळलं का ठकू? ज्यानं घडवलं त्यालाच खोट कळते. तो आपणहून परत बोलावतो आणि फुकटात नीट करून देतो."

ठकूनं तव्यावरची भाकरी उलटली.

"सासूबाई थोरल्या भाऊजींकडं आहेत की, चांगल्या धडधाकट. मग त्यांनी तुम्हाला अजून कसं परत बोलावलं नाही?"