भालचंद्र ढवळ्यांची नव्याण्णव वर्षं

एका तालुक्याच्या गावात भालचंद्र ढवळे नावाचा एक भोळा गृहस्थ होता. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गावाकडे दुसरा शब्द होता, पण गाव सभ्य, ते तो पाठीमागेच वापरायचं.

या भालचंद्राचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. होता म्हणजे काय, भिंती त्याच्या आणि खालची जमीन तात्यासाहेब घारपुऱ्यांची. जमिनीचा भाडेपट्टा, ज्याला सगळं गाव लीज म्हणे, येत्या दसऱ्याला संपत होता. संपला की जमिनीबरोबर भिंतीही तात्यासाहेबांच्या, आणि ढवळे कुटुंब रस्त्यावर. बिल्डिंगीतल्या बाकीच्यांनी मुदत केव्हाच वाढवून घेतली होती. भालचंद्राचं म्हणणं असं की दसरा अजून आलेला नाही, मग संपलं कुठे?

शेवटी त्याची बायको प्रभावती म्हणाली, "अहो, तात्यासाहेब दिसतील तिथे गाठा. लीजचं बोलल्याशिवाय सोडू नका."

"एवढंच ना," भालचंद्र म्हणाला. "सोपं आहे."

तात्यासाहेब त्याला दुसऱ्याच दिवशी दिसले. त्यांचे मेहुणे वारले होते आणि तात्यासाहेबांच्या खांद्यावर तिरडी होती. भालचंद्राने गाठलं. बरोबर चालत चालत लीजची सगळी हकीकत सांगितली. तात्यासाहेब चालतच राहिले, तेव्हा म्हणाला, "खांदा मी देतो. तुम्ही तेवढी सही करा." चौघांनी त्याला बाजूला ओढलं, म्हणून मेहुणे वेळेवर पोचले.

प्रभावतीने कपाळावर हात मारला. अशा वेळी कामाचं नावसुद्धा काढायचं नसतं, तिने समजावलं. हात हातात घ्यावा, डोळे पुसावेत, होणारं टळत नाही म्हणावं आणि मुकाट्याने घरी यावं.

"एवढंच ना. सोपं आहे."

आता तात्यासाहेबांच्या समोर जायची सोय उरली नव्हती. मग तिने त्याला दामले वकिलांकडे धाडलं. तात्यासाहेबांचे कागद तेच करायचे. दामल्यांच्या घरी त्या दिवशी मुलीचं लग्न ठरत होतं. व्याही लोडाला टेकून बसले होते, पेढे फिरत होते. भालचंद्र तडक आत गेला. व्याह्यांचा हात हातात घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, "होणारं टळत नाही. पण तुमच्या मुलावर ही वेळ यायला नको होती."

लीजचं नाव काढलं नाही. मुकाट्याने घरी आला. ते लग्न पुन्हा जमवताना दामल्यांच्या चपला झिजल्या.

प्रभावती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, कारण दसरा काही तिच्या रागासाठी थांबणार नव्हता. चार माणसं जमून पानं मांडली असतील तिथे रडू नये, ती म्हणाली. हसतमुख राहावं, पोटभर जेवावं, मागून घ्यावं, पुन्हा असा योग लवकर येवो म्हणावं. यजमानाला बरं वाटतं.

"एवढंच ना. सोपं आहे."

पानं मांडली गेली ती मेहुण्यांच्या तेराव्याला. तात्यासाहेब मोठ्या मनाचे, त्यांनी सगळ्या बिल्डिंगीला बोलावलं होतं. भालचंद्र पंगतभर हसत होता. जिलबी त्याने इतक्यांदा मागितली की वाढप्याने परातच शेजारी ठेवली. उठताना तात्यासाहेबांना म्हणाला, "झकास झालं. पुन्हा असा योग लवकर येवो." आणि त्यांच्या म्हाताऱ्या बहिणीकडे, म्हणजे गेलेल्यांच्या बायकोकडे, बघून मान डोलावली.

त्या दिवशी प्रभावती रडली. मग डोळे पुसून तिने त्याला शेवटचं शिकवलं. "अहो, मोठ्यांच्या घरी हावरटपणा करू नये. ते देतील तेवढ्याला पुरे म्हणावं. तरी ऐकलं नाही तर पानावर आडवा हात धरावा. फारच आग्रह झाला तर चवीपुरतं घ्यावं आणि शेजारच्याला वाढा म्हणावं."

"एवढंच ना," भालचंद्र म्हणाला.

इकडे तात्यासाहेबांनीही विचार केला. या माणसाला एकदाच काय ते देऊन टाकावं, म्हणजे आपल्या हयातीत तो पुन्हा दारात यायला नको. त्यांनी स्वतःच निरोप पाठवला. दामले कागद घेऊन बसले. साक्षीला शेजारचे लोंढे आले होते. लोंढ्यांची तीन मुलं एकाच खोलीत झोपायची.

"ढवळे, नव्याण्णव वर्षं लिहितो," तात्यासाहेब म्हणाले. "वर एक पैसा नको."

भालचंद्र लाजला. "छे छे. एवढी कुठे जायची? पुरे."

तात्यासाहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. भालचंद्राने कागदावर आडवा हात धरला. दामल्यांना तो व्याह्यांचा हात आठवला असावा, त्यांनी समजावायचे कष्ट घेतले नाहीत. तात्यासाहेबांनी मात्र खाली येत येत पुष्कळ आग्रह केला. पन्नास तरी घ्या, दहा तरी घ्या. आधी त्यात दया होती. पुढे पुढे जमीनमालक जागा झाला आणि आग्रह अंमळ सैल पडला.

संध्याकाळी भालचंद्र ताठ मानेने घरी आला. प्रभावती दारातच उभी होती.

"झालं का हो?"

"झालं. तू सांगितलंस तस्संच केलं. नव्याण्णव देत होते. हावरटपणा केला नाही. अगदीच ऐकेनात म्हणून चवीपुरते सहा महिने घेतले."

प्रभावतीने दाराची चौकट धरली. "आणि बाकीची?"

"शेजारी लोंढे बसले होते बिचारे, त्यांना वाढा म्हटलं. सहा महिन्यांनंतर आपला फ्लॅट त्यांच्या नावावर. पण काय गं ती माणसं. साडेअठ्ठ्याण्णव वर्षं घेतली, एकदाही तोंडातून पुरे निघालं नाही."