टिटवीभोवतीचं तळं

"टिटवीताई, उद्या म्हणे गाव तळं उचलून नेणार, आणि..."

"आणि काय, खेकडेदादा?"

"पुढचं ऐकायला थांबतंय कोण! मी पळालो."

गोष्ट फार जुनी. तळं आटलं होतं आणि टिटवीनं त्याच्या तळाशी अंडी घातली होती.

सकाळी खरंच अख्खं गाव कुदळी घेऊन उतरलं. हातोहात टोपल्या चालल्या, गाळ शेतांकडे निघाला. एवढे हात टिटवीनं कधी एकत्र पाहिले नव्हते. कुदळ जवळ आली, तशी ती अंड्यांवर बसूनच ओरडली.

"थांबा गं, इथं बाळंतीण बसलीय!" खणणाऱ्यांतली सगुणाबाई म्हणाली. "हिच्या भोवतीनं खणा."

संध्याकाळी तळ्यात आभाळ मावेल एवढी खोली झाली होती. मधोमध टिटवीचा उंचवटा तेवढा उरला होता.

"खेकडेदादा, तळं नेलं खरं," टिटवी परतलेल्या खेकड्याला हळूच म्हणाली, "पण माझ्यापुरतं ठेवून."