बाळंतघराची भट्टी

फार पूर्वी, पार डोंगरमाथ्यावरच्या एका गावात एक सुईण होती. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली. आता गुडघे कुरकुरायचे, पाठ बोलायची, तरी गावच्या बाळंतघरात शेगड्या भरायला तीच. तिथली थंडीच अशी, की बाईचा जीव मेटाकुटीला यायचा.

एकदा पाटलांनी मनावर घेतलं. "बाळंतघराला भट्टी बांधू. भिंतीभिंतीतून ऊब खेळेल."

गवंडी आला. त्यानं पणती लावून दारं-खिडक्यांपाशी धरली. ज्योत हलली तिथं कोळशानं खूण केली, मग पावलांनी खोल्या मोजल्या. "आधी या फटी लिंपा," तो म्हणाला. "मग कमरेएवढी भट्टी पुष्कळ झाली. दिवसभर मंद जळत राहील."

"कमरेएवढी?" पाटील हसले. "अहो, खालच्या गावच्या देवळात भंडाऱ्याची भट्टी पुरुषभर उंच आहे! आपली त्याहून मोठी हवी. फटीबिटी राहू द्या."

"पाटील, तिथं हजार पानं उठतात," सुईण म्हणाली. "इथं खाटा तीन."

"मावशी, तुम्ही बाळंतपणं बघा. मोठं केलेलं कधी कमी पडत नाही."

सुईण शेगडी फुंकायला वळली. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं हो!

भट्टी झाली. ढीगभर लाकूड घातल्याशिवाय पेटायची नाही, आणि पेटली की घटकाभरात बाळंतिणी घामाघूम. मग सुईणीनं खिडक्या उघडायच्या, विस्तव बाहेर ओढायचा. की झालं सगळं गार! पोरं काकडायची, पुन्हा भट्टी पेटवा. दिवसातून दहा वेळा हेच. त्या तापण्या-निवण्यानं विटांनाही तडे गेले.

पौषात पाटलांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, मूठभर. तिसऱ्या दिवशी भट्टी मधोमध फुटली. विस्तव विझवावा लागला, फटींतून वारा आत आला, बाळाचे ओठ निळे पडले.

सुईणीनं बाळ उघड्या छातीशी धरलं, वरून घोंगडी ओढली. "माझ्या अंगात उरलीय तेवढी ऊब देते, पाटील," ती दाराकडे बघत म्हणाली. "पण दमले हो मी. तुमचा मोठेपणा शेकता शेकता दमले."

दाराबाहेरच्या पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते अनवाणी धावले, घरोघरच्या शेगड्या मागून आणल्या. बाळ वाचलं.

गवंड्याला पुन्हा बोलावणं गेलं. कोळशाच्या खुणा भिंतीवर तशाच होत्या. पाटलांनी स्वतः चिखल तुडवून एकेक फट लिंपली. मग कमरेएवढी भट्टी झाली.

पहिल्या दिवशी सुईणीनं तिच्यात चार लाकडं सारली आणि भिंतीला टेकून बसली. आता उठावं लागेल, मग उठावं लागेल, म्हणता म्हणता तिचा डोळा लागला. पाटलांच्या लेकीनं तिच्या अंगावर घोंगडी घातली.

"भट्टी..." सुईण झोपेतच पुटपुटली.

"जळतेय, मावशी. निजा तुम्ही."

तात्पर्य: गरज मोजून केलेलं लहानही पुरून उरतं, मिरवायला केलेलं मोठं मात्र राबणाऱ्याचा जीव खातं.