पेटीतली हाक

“मग ‘इथे नाही’ असंच लिहू का, गुरुजी?”

हर्षदानं नोंदवही उघडली. सागाचं एक वाळलेलं पान खडखडत खाली आलं आणि ती दचकली. या रानात तीन-चार हिवाळे काढले, तरी पानाला दचकायची सवय काही गेली नव्हती.

ती शोधत होती रानपिंगळा. दिवसाढवळ्या फिरणारं मूठभर घुबड, जगात फार थोडं उरलेलं. तो इथे दिसला, तर नाल्याकाठचे हे साग वाचणार होते. नाही दिसला, तर कुऱ्हाड ठरलेली.

“पेटी लाव,” गुरुजी म्हणाले. उभा जन्म पाखरांमागं हिंडून आता ते रानाच्या कडेलाच झोपडी करून राहिले होते.

पेटी म्हणजे फांदीला टांगलेला छोटा स्पीकर. तिनं हातातल्या मोबाइलवर बोट ठेवलं आणि मादीची हाक निघाली. ती मादी याच नाल्यावरची. गुरुजींनीच कधीकाळी तिचा आवाज टिपून घेतला होता. मादी केव्हाच गेली. हाक तेवढी राहिली.

रान गप्प...

“पद्धत ध्यानात आहे ना? उत्तर आलं की पेटी बंद.”

“पाठ आहे, गुरुजी. कॉलेजातल्या पोरांना मीच तर शिकवते.”

“मग काय, झालंच.”

आणि नाल्यापलीकडून उत्तर आलं.

हर्षदाचं बोट मोबाइलवर गेलं. पेटी बंद करायची, एवढंच काम होतं. पण नुसत्या आवाजावर विश्वास कोण ठेवणार? फोटो हवा. तिनं हाक पुन्हा लावली. मग आणखी एकदा.

तो आला.

पेटीच्या वरच्याच फांदीवर बसला. मान वाकवून पेटीकडं पाहिलं. उडून पेटीमागं गेला, तिथंही पाहिलं, परत वर आला. शेपटी झटकत हाका देऊ लागला.

तिनं फोटो घेतला. डोळे भरून आले.

“मिळाला, गुरुजी. एकदाचा मिळाला.”

“तुला मिळाला...”

गुरुजी पाखराकडं पाहत होते.

“त्याला?”

त्यांनी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि हाक बंद केली.

वरचा काही थांबला नाही. एक हाक द्यायचा, मान कलती करून ऐकायचा. पुन्हा एक.

हर्षदाला ते ऐकवेना. तिनं घाईघाईनं पिशवी आवरली.

“नोंद तर झाली. आता झाडं तुटत नाहीत. निघूया ना? ऊनही चढलंय.”

गुरुजी सागाच्या पाचोळ्यात मांडी घालून बसले.

“बस.”

“कुठवर, गुरुजी?”

वर पुन्हा हाक झाली. ती विरेपर्यंत गुरुजी थांबले.

“बोलावणाऱ्यानं आधी उठायचं नसतं, माय.”