बिनमिठाच्या खारट फेण्या

समुद्राला अगदी खेटून वसलेल्या एका गावात द्वारकाबाई राहत होत्या. त्यांच्या जिभेला सारा गाव वचकून असे. यंदा तांदळाच्या फेण्या घालायचं काम त्यांनी सुनेवर, मथुरेवर सोपवलं. फेण्या झाल्या खारट. पुन्हा घातल्या, त्याही खारट.

"हात आहे की मिठागर?" बाई कडाडल्या. मथुरा बिचारी शपथा घेऊन सांगत होती, मीठ बेताचंच घातलंय म्हणून. पण ऐकतो कोण! सासूने थेट तिच्या भावाला निरोप धाडला, "बहिणीला घेऊन जा. स्वयंपाक शिकवा, मग नांदायला पाठवा."

सून मागाहून चोरून मीठ टाकते, असा बाईंना दाट संशय होता. तिची चोरी उघडी पाडायची म्हणून भाऊ यायच्या दिवशी त्यांनी स्वतः फेण्या घातल्या. कुणाला न सांगता, अगदी बिनमिठाच्या! मिठाचा डबा पेटीत, किल्ली कमरेला. दिवसभर अंगणात काठी घेऊन वाळत्या फेण्यांची राखण केली. समोर समुद्र, यंदा भलताच खवळलेला, नुसता उसळत होता.

संध्याकाळी भाऊ आला. मथुरा डोळे पुसत बोचकं घेऊन उभी राहिली. बाईंनी फेणीचा तुकडा तोंडात टाकला.

खारट!

आता आली का पंचाईत! गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण रडवेल्या सुनेकडे बघून त्यांना राहवेना.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "आज मी चिमूटभरही मीठ घातलं नव्हतं. मग हे आलं कुठून?"

त्यांचे यजमान भिवा तांडेल, उभा जन्म होडीवर काढलेले, खो खो हसले. "अगं, खारा वारा म्हणतेस, तो खारा कशाने? लाटेच्या फेसात लाखो बुडबुडे असतात. ते फुटले की बारीक तुषार उडतात. त्यातलं पाणी वाळतं, मीठ वाऱ्यावर तरंगतं. वर गेलं की त्याच कणांना धरून ढगाचे थेंब बनतात. ते आपलं ढगाच्या कामाला निघालं होतं, वाटेत तुझ्या फेण्या आल्या!"

"मेले बुडबुडे!" बाई म्हणाल्या. मग सुनेच्या हातातलं बोचकं त्यांनी काढून घेतलं. "चुकलं माझं, पोरी. उगीच रडवलं तुला."

भावाला म्हणाल्या, "बहीण कुठेही जायची नाही. तू मात्र आलाच आहेस, तर जेवून जा."

तात्पर्य: घरच्या माणसाला दोष देण्याआधी खिडकीबाहेरही पाहावं, आणि चूक आपली निघाली, तर जितक्या मोठ्याने दोष दिला तितक्याच मोठ्याने ती कबूल करावी.