नाव घेण्याची विहीर

ही आमच्या आंबेदऱ्याची विहीर. वाकून बघा, पण चष्मा सांभाळा. गेल्या साली एका साहेबांचा आत पडला, तेव्हापासून बेडूक आमच्याकडे रोखून बघतात. चैत्रात गुढी उतरली, की गावातले सगळे नवरे इथे रांगेने येतात आणि आत वाकून आपापल्या बायकोचं नाव घेतात. बायका मागे उभ्या राहून ऐकतात. का, ते सांगतो.

फार पूर्वी इथे म्हणे येसाजी पाटील होता. गावात दरारा, घरात तर त्याहून जास्त. एका साली विहीर आटली. बायका दरीतल्या झऱ्यावरून पाणी आणायच्या, मग तोही आटत आला. गाव उठायची वेळ आली, गाड्या भरल्या. पाटलाला काही गाव सोडवेना. तो या काठावर बसला आणि विहिरीतल्या साती आसरांना, पाण्याच्या त्या सात देवतांना, म्हणाला, "पाणी द्या. मागाल ते देईन."

आतून आवाज आला, असं सांगतात, "आजवर जिच्या हातचं पाणी प्यालास, तिचं नाव घेऊन तिचे उपकार मान."

एवढंच होय, म्हणून पाटलाने तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. सारा संसार 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर झालेला. लग्नात बायकोचं नाव त्यानेच बदललं होतं, पण काय ठेवलं ते आठवेना. हसू नका दादा, तुमची पाळी यायचीय.

तेवढ्यात ती दरीतून वर आली, डोक्यावर अर्धा हंडा. सगळं गाव बघत होतं. पाटील खालमानेने म्हणाला, "अगं, तुझं नाव काय?"

तिने हंडा उतरवला. "माहेरचं सांगू, का तुम्ही ठेवलेलं?"

"तुला आवडतं ते."

"जानका. आईने ठेवलेलं."

पाटील विहिरीत वाकला. "जानका, तुझे फार उपकार आहेत."

विहीर गप्प.

"असं मोघम कोण ऐकेल?" जानका म्हणाली. "काय केलं, ते सांगा की."

पाटील आणखी खाली वाकला. मग हळू म्हणाला, "जानका, मला ताप होता, तेव्हा घरात तांब्याभरच पाणी होतं. ते तू मला पाजलंस आणि स्वतः प्याले म्हणून खोटंच सांगितलंस. तुझे ओठ फुटलेले मी पाहिले होते. पाहून कूस बदलली."

तेव्हा म्हणे खाली खडकात बुडबुड झाली आणि पाणी चढू लागलं. पाटलाने पहिला तांब्या भरून जानकाच्या हातात दिला. ती सगळा प्याली. मग लोकांनी गाड्या रिकाम्या केल्या.

खरंखोटं आसरांना ठाऊक. मी दिसतो तेवढा जुना नाही. पण आजही नुसतं नाव घेऊन भागत नाही, तिने केलेलं एक तरी काम नेमकं सांगावं लागतं. आमचे मास्तर एकदा म्हणाले, "सर्व गोष्टींबद्दल आभारी आहे." मागे उभ्या त्यांच्या बायकोनेच त्यांना रांगेच्या शेवटी पाठवलं.

आता चैत्र नाही, पण विहिरीला चालतं. दादा, तुमच्या हातातली ती पाण्याची बाटली सकाळी कुणी भरली?

हां. मग वाका. चष्मा माझ्याकडे द्या.